कर्कपेशी काय खाते? : चयापचय-संशोधनात कारकीर्द करू इच्छिणाऱ्यांसाठी

१९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या संशोधक दांपत्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पंखात सार्कोमाची गाठ आणि दुसरा पंख निरोगी, अशा कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परत येणारे शिरांतील रक्त त्यांनी तपासले, तेव्हा गाठीकडून येणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त निघाले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग गाठींचे पातळ काप काचपात्रात ठेवून वायुदाबमापकाच्या साहाय्याने त्यांचे श्वसन मोजत होते, आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करतात असे त्यांना दिसले. वॉरबर्ग यांचे निरीक्षण शंभर वर्षे टिकले. कर्कपेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते, हे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत चुकीचे ठरले.

कॅन्सर मेटाबॉलिझम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी सुरुवातीस हीच दोन उदाहरणे देतो. पहिल्यात तुलनेचा आधार त्याच प्राण्याच्या दुसऱ्या पंखात होता, त्यामुळे आहार, वय, जात असे सगळे आक्षेप आपोआप गळून पडले. दुसऱ्यात नोबेल पुरस्काराच्या तोडीचा संशोधकही आपल्या मोजमापातून निघत होते त्याहून अधिक बोलून बसला. या क्षेत्रात ज्यांचे काम टिकते, ते पेशीला त्या क्षणी काय उपलब्ध होते, किती होते आणि त्यातले तिने किती उचलले, हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. पदवीपासून स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटचालीबद्दल पुढे जे लिहिले आहे, त्यात हा प्रश्न पुन:पुन्हा येईल.

पाया : जमाखर्च मांडता यावा

चयापचयाच्या मार्गांचा भिंतीवर लावण्याचा मोठा तक्ता पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. तो केव्हाही पाहता येतो. कार्बन, नायट्रोजन आणि इलेक्ट्रॉन यांचा जमाखर्च मात्र कागदावर स्वतः मांडता आला पाहिजे. सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून तीन कार्बनचे दोन पायरुवेट रेणू होतात. पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात, शिरल्यावर एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने गमावतो, आणि उरलेले दोन कार्बन चार कार्बनच्या ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटशी जुळून सायट्रेट तयार होते. या वाटेवर कोणता कार्बन कोठे गेला, इलेक्ट्रॉन वाहून नेणारे एनएडीएच कोठे निर्माण झाले आणि ते पुन्हा एनएडी प्लस कोणी केले, हे बोटावर मोजता येईपर्यंत सराव करावा.

हा सराव कशासाठी, हे एका जुन्या कोड्यावरून स्पष्ट होईल. ग्लुकोजचे लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्ल, केले तर पेशीला दर रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहकाचे दोनच रेणू मिळतात. पूर्ण ज्वलन केले तर सुमारे तीस मिळतात. मग वेगाने वाढणारी पेशी हा उधळपट्टीचा मार्ग का धरते? बरीच वर्षे हा प्रश्न ऊर्जेच्या भाषेत विचारला गेला. वास्तविक १९८९ सालीच असे दाखवले गेले होते की मायटोकॉन्ड्रियातील डीएनए काढून टाकलेल्या, श्वसन न करणाऱ्या मानवी पेशी माध्यमात पायरुवेट आणि युरिडिन घातल्यास जगतात आणि वाढतात. याचा अर्थ, श्वसनाची त्यांना लागणारी गरज एटीपीपुरती नव्हती. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ही गरज अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या निर्मितीपर्यंत नेऊन पोहोचवली : श्वसनसाखळी इलेक्ट्रॉन स्वीकारते म्हणून एनएडी प्लस उपलब्ध राहते, आणि ते उपलब्ध असते म्हणून अ‍ॅस्पार्टेट, व त्यातून डीएनएचे घटक, तयार होतात. जमाखर्चाच्या वहीत इलेक्ट्रॉनचा रकाना ज्यांनी ठेवला, त्यांनाच हे उत्तर सुचण्यासारखे होते.

जीवरसायनशास्त्राइतकेच पेशीजीवशास्त्रही लागते, आणि येथे अनेक हुशार विद्यार्थी कमी पडतात. पेशी फोडून अर्क काढला की मायटोकॉन्ड्रियातील आणि पेशीद्रवातील एनएडीपीएच एकत्र मिसळते. पेशीत मात्र ते वेगवेगळ्या दालनांत, वेगवेगळ्या कामांना जुंपलेले असते. पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या एमटॉर या प्रथिनसंकुलाला अमिनो आम्लांची खबर लागते ती लायसोसोम या पेशीतल्या पचनकोशाच्या पृष्ठभागावर. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याचे काम आपले नाही, असे समजणारा चयापचय-संशोधक अर्धाच राहतो. याखेरीज संख्याशास्त्राचे एक चांगले सत्र आणि पायथन किंवा आर यांपैकी एका भाषेत स्वतःच्या विदेचा आलेख काढण्याइतपत गती असावी. तेवढे सुरुवातीस पुरते.

प्रश्न निवडताना

अमुक प्रकारच्या कर्करोगात अमुक विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण वाढलेले आढळले, या धाटणीचे लेख शेकड्यांनी प्रसिद्ध होतात आणि विसरले जातात. वाढलेले प्रमाण हा प्रश्नाचा आरंभ आहे, उत्तर नव्हे. चांगला प्रश्न कसा दिसतो, यासाठी आयडीएच (आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज) या विकराची कथा नीट अभ्यासण्यासारखी आहे.

२००८ मध्ये मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा गाठींच्या जनुकांचे वाचन करताना आयडीएच-१ या जनुकात उत्परिवर्तने आढळली. हे विकर चयापचयाच्या पाठ्यपुस्तकातले, कर्करोगाशी कोणी फारसे न जोडलेले. उत्परिवर्तन गाठींमध्ये जवळजवळ नेहमी एकाच जागी, प्रथिनातील १३२ व्या स्थानावरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर होते, आणि जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत होते. विकर केवळ निकामी होत असते, तर बदल ठिकठिकाणी विखुरलेले दिसले असते. म्हणून विचारण्यासारखा प्रश्न उरला तो असा की बदललेले विकर नवे काय करते? २००९ मध्ये उत्तर मिळाले : ते अल्फा-कीटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट तयार करते. हा रेणू डीएनए आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांवरील मिथाइल खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो, त्यामुळे पेशी प्रगल्भ होत नाही. २०१७ मध्ये आयडीएच-२ विरोधी एनासिडेनिब आणि २०१८ मध्ये आयडीएच-१ विरोधी आयव्होसिडेनिब ही औषधे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाली. उत्परिवर्तन सापडल्यापासून औषधापर्यंत साधारण दहा वर्षे लागली, आणि हा या क्षेत्रातला विलक्षण वेग मानला जातो, एका पीएच.डी.च्या कालावधीशी त्याची तुलना करून पाहावी, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतात.

स्वतःच्या प्रश्नाची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. प्रयोग सुरू करण्यापूर्वी उत्तर ‘होय’ आले तर काय लिहाल आणि ‘नाही’ आले तर काय लिहाल, हे दोन परिच्छेदांत मांडावे. दुसरा परिच्छेद लिहिताच येत नसेल, तर तो प्रश्न नसून अपेक्षा आहे. दुसरी रीत म्हणजे ऊतीचा विचार करणे. उंदरांमध्ये क्रास या कर्करोगजनक जनुकातील एकाच उत्परिवर्तनाने आणि पी-५३ या गाठरोधक जनुकाच्या अभावाने झालेले फुप्फुसाचे आणि स्वादुपिंडाचे कर्करोग शाखायुक्त अमिनो आम्ले वेगवेगळ्या रीतीने वापरतात, असे २०१६ मध्ये दाखवले गेले आहे. ‘कर्करोगाचे चयापचय’ असे एकवचनी काही नसते. म्हणून आपला प्रश्न कोणत्या ऊतीबद्दल आहे हे पहिल्या वाक्यातच आले पाहिजे.

मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा

याविषयी सर्वत्र पुष्कळ सल्ले मिळतात, त्यामुळे दोनच गोष्टी. एक, मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारे यंत्र) प्रयोगशाळेचा स्वतःचा आहे की सामाईक सुविधेत नमुने द्यावे लागतात, आणि दुसऱ्या परिस्थितीत निकाल परत यायला किती आठवडे लागतात, हे प्रवेशापूर्वी विचारावे. तुमच्या चार-पाच वर्षांची लय त्यावर ठरणार असते. दोन, सध्याच्या आणि माजी विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि एवढेच विचारावे की अपेक्षेविरुद्ध निकाल घेऊन गेल्यावर बैठकीत काय होते. मार्गदर्शक प्रयोगाची त्रुटी शोधू लागतात की विद्यार्थ्याची, यावरून बाकीचे कळते.

पहिले वर्ष : पेशींच्या ताटात काय आहे

आता खऱ्या कामाकडे. नव्या विद्यार्थ्याला फ्लास्क, गुलाबी माध्यम आणि गोठवलेल्या पेशींची एक कुपी मिळते आणि तो लगेच औषध घालायला धावतो. माझ्या मते पहिले दोन-तीन महिने औषधाला हातही लावू नये.

प्रथम माध्यमाच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. ही माध्यमे ज्या परंपरेतून आली, ती हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात घडवली. पेशी जगवण्यासाठी किमान काय लागते हा त्यांचा प्रश्न होता आणि १९५५ च्या सुमारास ग्लुटामिनची गरज त्यातूनच ठळक झाली. शरीरातील रक्ताची नक्कल करणे हा त्या माध्यमांचा हेतू नव्हता. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उच्च-ग्लुकोज डीएमईएममध्ये लिटरमागे २५ मिलिमोल ग्लुकोज असते, तर उपाशीपोटी माणसाच्या रक्तात ते ५ मिलिमोलच्या आसपास असते. त्याच माध्यमात ग्लुटामिन ४ मिलिमोल, तर रक्तात अर्ध्या मिलिमोलच्या थोडे वर. रक्तात असणारे कित्येक रेणू माध्यमात मुळीच नसतात. अशा मेजवानीत बसलेल्या पेशीची भूक मोजून शरीरातील गाठीची भूक समजली, असे म्हणणे धाडसाचे आहे.

या फरकाचे परिणाम प्रत्यक्षात दिसले आहेत. २०१७ मध्ये मानवी रक्तद्रवासारखे माध्यम तयार करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की त्यातील यूरिक आम्ल पिरिमिडिन तयार करणाऱ्या एका विकराला अडवते आणि त्यामुळे ५-फ्लुरोयुरॅसिल या जुन्या, नित्य वापरातल्या औषधाचा पेशींवरील परिणाम कमी होतो. यूरिक आम्ल उंदरांपेक्षा माणसाच्या रक्तात बरेच अधिक असते, हेही येथे लक्षात घ्यावे. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की पेशींचे ग्लुटामिनेज या विकरावरील अवलंबन माध्यमातील सिस्टिनच्या प्रमाणानुसार बदलते. ग्लुटामिनेज अडवणाऱ्या टेलाग्लेनास्टॅट या औषधाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. मूत्रपिंडाच्या प्रगत कर्करोगावरील कॅन्टाटा या चाचणीत मात्र, २०२१ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे, जोडीच्या औषधात त्याची भर घालून रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ लांबला नाही. या अपयशाला एकच कारण चिकटवणे बरोबर नाही, परंतु पेशींच्या ताटात काय होते हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, असे म्हणणारे माझ्यासारखे बरेच आहेत.

म्हणून पहिल्या वर्षात पुढील सवयी लावून घ्याव्यात. प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत माध्यमाचे नाव पुरेसे नाही. ग्लुकोज, ग्लुटामिन, पायरुवेट आणि सीरम यांची प्रमाणे व सीरमचा लॉट क्रमांक लिहावा. सीरममध्ये स्वतःचे ग्लुकोज आणि अमिनो आम्ले असतात, त्यामुळे एखादे पोषकद्रव्य वगळण्याचा प्रयोग असेल तेव्हा डायलिसिस केलेले, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेले, सीरम वापरावे, अन्यथा वगळलेली वस्तू मागच्या दाराने आत येते. माध्यम बदलल्यापासून किती तास झाले हेही लिहावे : दाट वाढलेल्या पेशी दोन दिवसांत ग्लुकोज बरेचसे संपवतात आणि लॅक्टेटने माध्यम आम्लधर्मी करतात, तेव्हा सोमवारी आणि बुधवारी मोजलेली पेशी एकाच परिस्थितीत नसते. इनक्युबेटरमधील ऑक्सिजन १८ ते १९ टक्के असतो, आणि शरीरातील बहुतेक ऊतींमध्ये तो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, हे हायपॉक्सियाचा, म्हणजे ऑक्सिजनच्या कमतरतेचा, अभ्यास करणाऱ्यांनाच नव्हे तर सर्वांनाच ठाऊक हवे.

पेशी ज्या नावाने मिळाल्या त्याच आहेत का, हे तपासण्यात कमीपणा नाही. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. त्या वास्तविक त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशी असल्याचे नंतर सिद्ध झाले. एसटीआर या डीएनए-चाचणीने ओळख पटवणे आज कठीण राहिलेले नाही. मायकोप्लाझ्माची चाचणी तर दरमहा करावी. हा जीवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि तो आर्जिनिनसारखी द्रव्ये स्वतःच खात असल्यामुळे चयापचयाच्या प्रयोगात त्याचे जेवण तुमच्या पेशींच्या नावावर लिहिले जाते. मी स्वतः विद्यार्थी असताना आठ महिन्यांचे निकाल या कारणाने कचऱ्यात टाकले आहेत. चाचणीला एक दुपार लागते.

आणखी एक चूक इतकी सर्रास दिसते की तिचा वेगळा उल्लेख करतो. पेशी जगल्या की मेल्या, हे एमटीटी या रंगचाचणीने मोजण्याची पद्धत आहे. हा रंग तयार होतो तो पेशीतील एनएडीएचवर अवलंबून असलेल्या विकरांमुळे. तुमचे औषध नेमके चयापचयावरच काम करत असेल, तर पेशींची संख्या तीच राहूनही रंग फिका होईल आणि तुम्ही पेशी मेल्या असे लिहाल. पेशी मोजायच्या असतील तर पेशीच मोजाव्यात.

साठा आणि प्रवाह

चयापचयातले निम्मे गैरसमज साठ्यालाच प्रवाह मानल्याने होतात. टाकीतील पाण्याची पातळी वाढली, तर नळ मोठा सोडला आहे किंवा खालची तोटी बंद झाली आहे. पातळीवरून यांपैकी काय घडले ते कळत नाही. तसेच एखाद्या मेटाबोलाइटचे, म्हणजे चयापचयातील रेणूचे, प्रमाण दुप्पट झाले, म्हणून तो मार्ग ‘सक्रिय’ झाला असे म्हणता येत नाही. मार्ग पुढे तुंबला असला तरी हेच दिसेल.

प्रवाहाचा अंदाज घेण्यासाठी स्थिर समस्थानिकांचा, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या किरणोत्सर्ग न करणाऱ्या जड अणूंचा, माग काढतात. सहाही कार्बन १३ वस्तुमानाचे असलेले ग्लुकोज पेशींना दिले, की पायरुवेट डिहायड्रोजनेज या विकराच्या वाटेने आलेल्या सायट्रेटचे वस्तुमान दोनने वाढते. पायरुवेट कार्बोक्सिलेजच्या वाटेने आलेल्याचे तीनने. पाचही कार्बन जड असलेले ग्लुटामिन दिले आणि सायट्रेट चारने नव्हे तर पाचने जड झाले, तर सिट्रिक आम्ल चक्राचा, म्हणजे सायट्रेटपासून सुरू होणाऱ्या त्या फेऱ्याचा, तो भाग उलट दिशेने चालल्याची ही खूण असते. २०११ च्या सुमारास ऑक्सिजन कमी असलेल्या किंवा मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या कर्कपेशींत ही उलटी वाट अनेक गटांनी नोंदवली. अशा आकड्यांचा अर्थ लावताना पहिल्या प्रकरणातला जमाखर्च कामी येतो, आणि ज्याने तो केलेला नाही तो सॉफ्टवेअरने दिलेले रंगीत स्तंभ पाहत राहतो.

तंत्रातील काही बारकावे मात्र हातानेच शिकावे लागतात. एटीपीसारख्या रेणूंचा साठा काही सेकंदांत बदलतो, म्हणून पेशी धुणे आणि अतिथंड मिथेनॉलने त्यांचे चयापचय थांबवणे हे काम घाईने नव्हे, पण क्षण न दवडता झाले पाहिजे. सहा खाचांच्या थाळीतील पहिली आणि सहावी खाच यांत दोन मिनिटांचे अंतर पडले, तर तो फरकही निकालात उतरतो. त्यामुळे खाचांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ग्लायकोलिसिसमधील, म्हणजे ग्लुकोजपासून पायरुवेटपर्यंतच्या वाटेवरील, रेणू काही मिनिटांत खुणेने भरून स्थिरावतात, सिट्रिक आम्ल चक्रातील रेणूंना काही तास आणि न्यूक्लिओटाइडना दिवसभरही लागतो. तेव्हा किती वेळ खूण द्यायची हे प्रश्नावर ठरते. निसर्गतः कार्बनचे सुमारे १.१ टक्के अणू जड असतातच, त्याची वजाबाकी विसरू नये. मास स्पेक्ट्रोमीटर दुसऱ्या कोणी चालवला तरी शिखरे स्वतः उघडून पाहावीत. शेजारच्या रेणूचे शिखर आपले म्हणून मोजले गेल्याचे प्रसंग आपल्याला वाटतात त्याहून अधिक असतात.

सीहॉर्स यंत्राने ऑक्सिजनचा वापर आणि माध्यमाची आम्लता मोजणे सोपे झाले आहे, म्हणूनच त्याचा गैरवापरही सोपा झाला आहे. आम्लता लॅक्टेटबरोबर बाहेर पडणाऱ्या आम्लाने वाढते तशी श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनेही वाढते. ती सरसकट ग्लायकोलिसिसच्या खात्यात टाकता येत नाही. शक्य तेथे माध्यमातील लॅक्टेट थेट मोजावे, आणि प्रत्येक खाचेतील पेशींची संख्या प्रयोगानंतर मोजूनच आकडे मांडावेत.

थाळीबाहेर

पीएच.डी.च्या मध्यावर, तिच्या अखेरीस नव्हे, आपला निष्कर्ष जिवंत प्राण्यातील गाठीत तपासण्याची तयारी सुरू करावी. नैतिक समितीच्या परवानगीलाच पुष्कळ वेळ जातो. २०१६ मध्ये क्रास उत्परिवर्तनाने झालेल्या उंदरांच्या फुप्फुसातील गाठींचा अभ्यास झाला. त्याच गाठींपासून थाळीत वाढवलेल्या पेशी ग्लुटामिनवर अवलंबून होत्या. उंदराच्या शरीरात असताना मात्र त्या गाठींना ग्लुटामिनेजची फारशी गरज नव्हती. पेशी तीच, जनुके तीच, परिसर वेगळा. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जड ग्लुकोज शिरेतून दिलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून, आणि त्यातल्याच प्राण्यांवरील प्रयोगांतून, फुप्फुसाच्या गाठी रक्तातील लॅक्टेट उचलून जाळतात असे दिसले. ज्याला इतकी वर्षे टाकाऊ मानले, तेच इंधन ठरले.

अशा अभ्यासांसाठी शल्यचिकित्सक आणि विकृतिशास्त्रज्ञ यांच्याशी मैत्री लागते, आणि ती नमुना हवा असेल त्या दिवशी होत नाही. त्यांच्या बैठकांना नियमित जावे आणि त्यांची साधने समजून घ्यावीत. उदाहरणार्थ, पेट स्कॅनसाठी वापरले जाणारे फ्लुरोडीऑक्सिग्लुकोज पेशीत शिरून पहिल्या पायरीवर फॉस्फेट स्वीकारते आणि तेथेच अडकते, म्हणून गाठ उजळ दिसते. तो उजाळा ग्लुकोज उचलले गेल्याचा पुरावा आहे. पुढे त्याचे लॅक्टेट झाले की कार्बन डायऑक्साइड, याबद्दल तो काहीही सांगत नाही. हा फरक ज्याला कळतो, त्याच्याशी रुग्णालयातील मंडळी आनंदाने बोलतात.

लेखन, पोस्ट-डॉक आणि त्यानंतर

कर्करोगावरील गाजलेल्या संशोधनाची पुनरावृत्ती करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प २०२१ मध्ये संपला. ५३ लेखांतील १९३ प्रयोग पुन्हा करण्याचे ठरले होते; प्रत्यक्षात २३ लेखांतील ५० प्रयोग होऊ शकले. मूळ लेखकांना विचारल्याशिवाय ज्याची संपूर्ण कृती लिहिता येईल, असा त्या १९३ मध्ये एकही प्रयोग नव्हता. त्यामुळे लेखाचा पद्धतींचा विभाग सर्वांत शेवटी, कंटाळून लिहिण्याची प्रथा सोडावी आणि प्रयोग चालू असतानाच तो लिहीत जावा. आलेखाखालील ‘एन’ म्हणजे स्वतंत्र दिवशी केलेले प्रयोग की एकाच थाळीतील तीन खाचा, हे शब्दांत स्पष्ट करावे. एका थाळीतील तीन खाचा हे तीन प्रयोग नव्हेत. लेखकांचा क्रम प्रयोग सुरू होण्यापूर्वी बोलून, लिहून ठेवावा. नंतर तो विषय निघतो तेव्हा प्रत्येकाची स्मरणशक्ती वेगळी असते.

पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, जाताना विषय आणि तंत्र यांपैकी एकच बदलावे, असे माझे मत आहे, आणि ते सर्वांना मान्य नाही. समस्थानिकांचे तंत्र येत असेल तर नवी ऊती घ्यावी. ऊती ओळखीची असेल तर क्रिस्परने जनुकांची चाळणी किंवा प्रतिमाशास्त्र यांसारखे नवे हत्यार शिकावे. दोन्ही एकदम बदलणाऱ्याची पहिली दोन वर्षे पुन्हा विद्यार्थी होण्यात जातात. निघताना आपण कोणता प्रश्न बरोबर नेणार आहोत, हे मार्गदर्शकाशी आधीच ठरवून लेखी घ्यावे, कारण स्वतंत्र पदाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो : तुमचे काम तुमच्या पूर्वीच्या प्रयोगशाळेपेक्षा वेगळे कसे?

औषधकंपन्यांतील वाटही तितकीच प्रतिष्ठेची समजावी. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये फोलेटविरोधी अमिनोप्टेरिनने मुलांच्या ल्युकेमियात तात्पुरता उतार पडल्याचे नोंदवले, तेव्हापासून चयापचय अडवणारी औषधे कर्करोगाच्या उपचारात आहेत. मेथोट्रेक्सेट आणि अ‍ॅस्पॅराजिनेज आजही वापरात आहेत. सुदृढ पेशीला इजा न करता गाठीला उपाशी कसे ठेवायचे, याचा विचार करणारी माणसे तेथेही हवीच असतात.

स्वतःची प्रयोगशाळा मिळाल्यावर पहिल्या अनुदानातून मोठे यंत्र घेण्याचा मोह होतो. मास स्पेक्ट्रोमीटर चालवायला आणि दुरुस्त ठेवायला पूर्ण वेळ माणूस लागतो. तो नसेल तर सामाईक सुविधेशी करार करून ते पैसे अनुभवी तंत्रज्ञावर खर्च करावेत. पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांकडून तीन कामे करून घ्यावीत : मिळालेल्या प्रत्येक पेशीप्रकाराची ओळख आणि मायकोप्लाझ्मा तपासणे, लहान वयाच्या, म्हणजे थोड्याच पिढ्या वाढवलेल्या, पेशींच्या पुरेशा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवणे, आणि आपल्या माध्यमातील प्रत्येक घटकाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाशेजारी लिहून तो कागद पेशीसंवर्धनाच्या खोलीच्या दारावर चिकटवणे.